अध्याहृत कर्म

॥ श्रीतुळजाभवानी प्रसन्न ॥

देवास, ३ मार्च २०२५

चि. तात्यास देवासहून राजाजिजीचे अ. उ. आ. वि. वि.

परवा फोनवर तुला म्हटलं की पत्र टाकते, तर तू विचारलंस की टाके कुणाला पडले. तेव्हाच ठरवलं, तुझ्या कानातलं यंत्र सुधारेपर्यंत तुझ्याशी कागदावरच बोलायचं. कागदाला ओरडावं लागत नाही, आणि आपण काय बोललो ते घरभर ऐकूही जात नाही.

इकडे सगळे बरे. गुडघ्यामुळे टेकरी चढणं सोडलं आहे, खालच्या रस्त्यावरूनच देवीला हात जोडते. सूनबाईने, दुर्गाने, गच्चीवर बटाट्याचा कीस वाळत घातला होता. टेकरीवरची माकडं उतरून आली आणि कीस खाऊन चाळणी तेवढी ठेवून गेली. दुर्गा म्हणते, निदान चाळणी तरी ठेवली. अशी समाधानी सून मिळायला पुण्य लागतं.

आता काम. आपल्या शिवांगीच्या सासूबाईंचं, ओर्नेलाबाईंचं, इटलीहून कार्ड आलं आहे. माझ्या विक्रमचं तुला ठाऊक आहेच, पण मागच्या दिवाळीत तुला निम्मंच ऐकू आलं होतं म्हणून पुन्हा लिहिते. पोरगी फुटकी जुनी भांडी सांधण्याची विद्या शिकायला फाएन्त्सा नावाच्या गावी गेली. तिथल्या एलियोशी लग्न करायचं म्हणाली. विक्रम म्हणाला, एक वर्ष थांब, मी विचार करतो. ती चार महिने थांबली आणि नगरपालिकेत जाऊन सही करून मोकळी झाली. त्याला चौदा महिने झाले. तिचा फोन मला येतो, दुर्गाला येतो. फोन वाजला की विक्रम उठतो आणि गाडीखाली काय गळतंय ते बघायला बाहेर जातो. गाडीखाली काही गळत नाही. एकच वाक्य धरून बसला आहे, की तिला बापासाठी थांबता आलं नाही.

ओर्नेलाबाई चांगल्या आहेत. मला रोज फोनवर काहीतरी पाठवतात. मीही त्यांची भाषा फोनवर थोडी थोडी गिरवते. तू हसशील म्हणून सांगणार नव्हते. नमस्कार, धन्यवाद आणि गुडघा, एवढे तीन शब्द पक्के झाले. गुडघा त्यांचाही दुखतो. तर कार्डावर आधी थंडी आहे, मग गुडघा, मग आम्ही बरे आहोत असं आहे, आणि शेवटी एक शब्द आहे तो अडला. जसा आहे तसा उतरवते: अस्पेत्तियामो.

अमझेऱ्याच्या शाळेत तू तीस वर्षं पोरांना संस्कृतचे धातू शिकवलेस. हा धातू कोणता, ते शोधून कळव. घाई नाही, पण उशीरही करू नकोस.

माया आहे ती आहेच. वाढवायची असेल तर लवकर उत्तर धाडून वाढव.

तुझी,
जिजी

॥ श्री ॥

धार, ११ मार्च २०२५

ती. स्व. जिजीस तात्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी हसलो नाही. बहात्तराव्या वर्षी परदेशी भाषा शिकणाऱ्या बाईला मी का हसेन? गुडघ्याला मात्र थोडा हसलो.

इंदूरहून एक जाडजूड कोश आणवला आणि दोन दिवस देवपूजाही घाईत उरकली. ऐक. मूळ क्रियापद अस्पेत्तारे. रोजच्या वापरातलं आहे, आपल्या 'थांब जरा' इतकं. रस्त्यात कुणाला थांबवायचं झालं तर ते अस्पेत्ता म्हणतात. पहिला अर्थ वाट पाहणे. बसची, टपालाची, माणसाची. आपण बस'ची' वाट पाहतो, ते सरळ बसच पाहतात, मध्ये प्रत्यय नाही. क्रियापद सकर्मक आहे, द्वितीया घेतं. दुसरा अर्थ, तेच क्रियापद स्वतःकडे वळवून घेतलं, आपलं आत्मनेपद समज, की अपेक्षा करणे.

आता गंमत पाहा. लॅटिनमध्ये याच्या मुळाशी कडे पाहणे असा अर्थ आहे. आपणही वाट पाहतोच की. शिवाय आपली प्रतीक्षा आणि आपली अपेक्षा, दोघी एकाच ईक्ष् धातूच्या लेकी, आणि त्याचाही अर्थ पाहणे. सात समुद्रांपलीकडे त्यांनी तेच केलं. हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीवरून ताडकन उठलो. स्वयंपाकाच्या भवानीबाई लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं विंचू निघाला.

तुझा अस्पेत्तियामो म्हणजे प्रथमपुरुषी अनेकवचन, वर्तमानकाळ. आम्ही वाट पाहत आहोत. आता व्याकरणाने विचारायचा प्रश्न असा, की कोणाची? क्रियापद सकर्मक आहे आणि कर्म तर लिहिलेलं नाही. जिजी, याचा अर्थ कर्म अध्याहृत आहे. ज्याचं नाव घ्यायची गरजच नाही, इतकं ते उघड आहे. चौदा महिने जो गाडीखाली पाहतो आहे, तोच ते कर्म. बाईंनी मोठ्या खुबीने एका शब्दात सांगितलं आहे. पोरगी बापाची वाट पाहते आहे.

शिवांगीला थांबता आलं नाही असं विक्रम म्हणतो. ती थांबलेलीच आहे. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

लोभ आहे तसा असू द्यावा, माझ्या व्याकरणावर तर विशेष.

तुझा,
तात्या

॥ श्रीतुळजाभवानी प्रसन्न ॥

देवास, २० मार्च २०२५

चि. तात्यास अ. उ. आ. वि. वि.

काल रंगपंचमी झाली. माझ्या पांढऱ्या केसांत हिरवा रंग राहिला आहे, तो काही उतरत नाही. देवळातल्या पुजाऱ्याने मला ओळखलं नाही आणि प्रसाद दोनदा दिला.

तुझं पत्र वाचून धन्य झाले. एका शब्दातून तू एवढं काढलंस, मला तर त्यात निव्वळ अक्षरं दिसत होती. अध्याहृत हा शब्द मी दुर्गाला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, मामांना कळतं बाई सगळं.

पण तात्या, हे मी विक्रमला सांगून उपयोग नाही. मी शिवांगीची बाजू घेते असं त्याचं म्हणणं आहे. तसं ते खरंही आहे. दुर्गाने सांगितलं तर म्हणेल आईने पढवलं. तुझं मात्र तो ऐकतो. लहानपणी परीक्षेत रूपं चुकल्याबद्दल तू त्याला उन्हात उभं केलं होतंस, तेव्हापासून तुझ्या शब्दाला वजन आहे. तू त्याला तुझ्या हाताने लिही. धातू, अर्थ, द्वितीया, सगळं घाल. त्याला पटायला पुरावा लागतो. आणि पत्र घरी नको, कन्नौदच्या दुकानावर पाठव. तिथे ट्रॅक्टरच्या पट्ट्या आणि बेअरिंगांच्या मध्ये बसून वाचू दे. घरी वाचलं तर आम्ही तोंडाकडे बघतो असं वाटून चिडेल.

एवढं माझं ऐक. मी तुझं पुष्कळ ऐकलं आहे, विशेषतः लहानपणी तू पेटी शिकत होतास तेव्हा.

मायेत खंड पडू देऊ नये.

तुझी,
जिजी

॥ श्री ॥

धार, २५ मार्च २०२५

चि. विक्रमसिंहास तात्यामामाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सर्व कुशल आहे. तुझ्या व्याह्यांच्या घरून आलेल्या कार्डातला एक शब्द तुझ्या आईने मला विचारला. त्याचा अर्थ तुलाच सांगण्याजोगा आहे म्हणून लिहितो.

शब्द अस्पेत्तियामो. आम्ही वाट पाहत आहोत, असा त्याचा अर्थ. मी कोश पाहून, विचार करून, जबाबदारीने सांगतो आहे. सोबतच्या कागदावर या क्रियापदाची रूपं दिली आहेत. मी वाट पाहतो म्हणजे अस्पेत्तो. मी वाट पाहत होतो किंवा होते म्हणजे अस्पेत्तावो. दोन्ही पाठ कर.

तू तिला एक वर्ष थांब म्हणालास आणि ती थांबली नाही, याचं दुःख मला समजतं. तिने चुकीचं केलं. पण चूक केल्यावरही तिने दार लावून घेतलं नाही. तुझ्या वाटेकडे डोळे लावून ती माणसं बसली आहेत, आणि तू गाडीखाली पाहतो आहेस. यापुढे लिहीत नाही. तू लहान नाहीस.

आशीर्वाद आहेतच. ते रागाबरोबर कमी होत नाहीत.

तुझा,
तात्यामामा

॥ श्रीतुळजाभवानी प्रसन्न ॥

देवास, ८ एप्रिल २०२५

चि. तात्यास अ. उ. आ. वि. वि.

तुझा बाण बरोबर लागला. पाडव्याच्या आदल्या दिवशी विक्रम दुकानावरून दुपारीच घरी आला. जेवला नाही. तुझं पत्र खिशात होतं, त्याची घडी दिसत होती. मी आणि दुर्गा पुरणाच्या डाळीकडे बघत राहिलो. गुढी उभारताना त्याने नारळाऐवजी तांब्याच फोडायला घेतला, इतकं लक्ष नव्हतं. संध्याकाळी मला विचारलं की आईसाहेब, माझा पासपोर्ट कुठे आहे. नेपाळला जायला म्हणून काढला होता ना, तो. मी म्हटलं, देवघराच्या खणात. मी तो आठ दिवसांपूर्वीच वर काढून ठेवला होता.

आता व्हिसाचे कागद चालले आहेत. जूनमध्ये जातो म्हणतो. फोन करत नाही. म्हणतो, चौदा महिने बोललो नाही, आता फोनवर काय बोलू, समोर जाऊन उभा राहतो. शिवांगीला सांगायचं नाही अशी आम्हां दोघींना ताकीद दिली आहे. दुर्गाने एलियोला तेवढं गुपचूप कळवलं, म्हणजे स्टेशनवर कुणीतरी असेल. ताकीद शिवांगीची होती, एलियोची नव्हती.

तुझी रूपं पाठ करतो आहे. सकाळी दाढी करताना आरशात अस्पेत्तो अस्पेत्तो चालतं. कन्नौदच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला त्याने अस्पेत्ता म्हटलं. त्या माणसाला ते पुर्जे बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाटलं, म्हणाला भिया ओरिजनल दिखाओ.

तुझे उपकार कसे फेडू? यंदाचं कैरीचं लोणचं दोन बरण्या पाठवते. तेवढ्यावर भागव.

लोभ लोणच्यासारखा मुरू द्यावा.

तुझी,
जिजी

॥ श्री ॥

धार, २२ एप्रिल २०२५

ती. स्व. जिजीस शि. सा. न.

लोणचं पोचलं. उघडलं नाही. आधी हा खटला निकालात निघू दे.

काल सकाळी मी ओसरीवर बसून त्या क्रियापदाचे अर्थ मोठ्याने वाचत होतो. नव्या यंत्रामुळे मला माझाच आवाज छान ऐकू येतो, म्हणून मोठ्याने वाचतो. वाट पाहणे म्हणालो. अपेक्षा करणे म्हणालो. भवानीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, साहेब, हिंदी में कई केवे? मी म्हटलं, इंतज़ार. आणि दुसरा? मी म्हटलं, उम्मीद. त्यावर त्या बाईने मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, छोरी उम्मीद से है कई?

जिजी, मी तीस वर्षं शिकवलं. मला हिंदी येते. उम्मीद से असणे म्हणजे काय हे मला माहीत आहे. पण ते मला सुचलं नाही. मेथी निवडणाऱ्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईला सुचलं. मी पुन्हा कोश काढला. त्याच नोंदीत, खाली बारीक अक्षरांत, उदाहरण आहे. अस्पेत्तारे उन बाम्बीनो. मूल व्हायचं असणे, दिवस राहणे. मी पहिल्या दोन अर्थांवर एवढा खूश झालो होतो की पान उलटलंच नव्हतं.

आता मला विचारायचं आहे ते हे. त्या कार्डावर शेवटी खरोखर एकच शब्द होता का? क्रियापद सकर्मक आहे, कर्म नाही, हे मी तुला लिहिलं तेव्हा तू अध्याहृत हा शब्द सुनेला दोनदा वाचून दाखवलास. का दाखवलास? आणि पासपोर्ट तू आठ दिवस आधी कसा काढून ठेवलास?

मला मूळ कार्ड पाठव, तू उतरवलेलं नको. मी विक्रमला जबाबदारीने सांगतो असं लिहिलं आहे. माझ्या सहीने गेलं आहे ते. इटालियनमध्ये एक म्हण सापडली ती तुला देतो: की ला फा लास्पेत्ती. करणाऱ्याने परतफेडीची वाट पाहावी. हेच क्रियापद आहे.

लोभाचा निर्णय कार्ड आल्यावर.

तात्या

॥ श्रीतुळजाभवानी प्रसन्न ॥

देवास, २९ एप्रिल २०२५

चि. तात्यास अ. उ. आ. वि. वि.

कार्ड सोबत पाठवते आहे. तूच वाच. शेवटची ओळ अशी आहे: अस्पेत्तियामो उन बाम्बीनो पेर लूल्यो. आम्हाला जुलैत बाळ व्हायचं आहे. कर्म अध्याहृत नव्हतं तात्या, मी खाल्लं.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ओर्नेलाबाईंनी फेब्रुवारीतच लोकरीच्या मोज्यांचा फोटो पाठवला होता, अंगठ्याएवढे. मोजे काही गुडघ्याला घालत नाहीत. त्यांना वाटलं, आम्हाला कळलं असेल. पण पोरगीने इकडे कुणालाच सांगितलं नाही. दुर्गालाही नाही. आधी बाबांना सांगायचं म्हणून अडून बसली असणार, आणि बाबा फोनवर येत नाहीत. बापाचीच लेक.

तुला का फसवलं ते सांगते. मी विक्रमला सांगितलं असतं की बाळ येतंय, तर तो गेला असता. लगेच गेला असता. पण आजोबा होऊन गेला असता. वाळे, दुपटी, डिंकाचे लाडू घेऊन गेला असता, बाळाकडे बघितलं असतं आणि तिच्याशी आहे तसाच राहिला असता. जन्मभर म्हणाला असता की नातवासाठी आलो. मला तो तिच्यासाठी जायला हवा होता. ती एकटी तिथे उभी आहे एवढ्याच कारणाने. आणि तुला खरं सांगितलं असतं तर तू खोटं लिहिलं नसतंस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून तुला खरंच वाटेल एवढं केलं.

खोटं तरी कुठे आहे? ते लोक वाट पाहतच होते. दोघांची. एकाचं नाव मी गाळलं.

आता मात्र मला भीती वाटते आहे, हे तुला सोडून कुणाला सांगू? स्टेशनवर उतरल्यावर त्याला दिसेलच. आठवा महिना लपत नाही. त्याला वाटलं की सगळ्यांनी मिळून आपल्याला गंडवलं, तर तो पुढच्या गाडीने परत येईल, आणि मग कुणाच्याही शब्दाने जाणार नाही. माझं वय झालं. अशी खेळी दुसऱ्यांदा जमायची नाही.

तुझं मन मोठं आहे. त्याला कळवायचं असेल तर कळव, मी रागावणार नाही. नसेल कळवायचं तर लोणचं उघड, म्हणजे मला समजेल.

आपला लोभ तुटण्यासारखा नाही, तरी सांभाळावा.

तुझी,
जिजी

॥ श्री ॥

धार, ६ मे २०२५

ती. स्व. जिजीस शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस विक्रमला लिहायला बसलो. तीनदा फाडलं. शुद्धिपत्र कसं लिहायचं हे मला चांगलं माहीत आहे, पण या शुद्धिपत्राने वाक्य बिघडलं असतं.

तुझं म्हणणं पटलं असं मी लेखी देणार नाही. तू मला बनवलंस, माझ्या शास्त्राच्या आधाराने बनवलंस, आणि वर माझ्याकडून टपालखर्चही करवलास. लहानपणी मुंज तलावावर तू मला पाण्यात मगर आहे असं सांगून माझे चणे खाल्ले होतेस. त्यानंतर इतकी मोठी फसवणूक हीच.

लोणचं उघडलं. मीठ थोडं जास्त आहे. भवानीबाईंनाही दिलं. त्यांनी विचारलं, छोरी कशी आहे. मी म्हटलं, ठीक आहे. त्या गालात हसल्या. आता या घरात माझ्या विद्वत्तेला कोणी विचारत नाही.

जूनपर्यंत मलाही झोप लागायची नाही, एवढं लक्षात ठेव. लोभ आहे, काय करणार.

तुझा,
तात्या

॥ श्री ॥

फाएन्त्सा, १५ जून २०२५

ती. स्व. मामासाहेबांना विक्रमसिंहचा सा. न.

मराठीत पत्र लिहायची सवय नाही. शाळा सगळी हिंदीत झाली. चुका असतील त्या सुधारून वाचा, मला परत पाठवू नका.

मी ठीक पोचलो. बोलोन्याला विमान उतरलं, तिथून ट्रेन. अर्ध्या तासाचा रस्ता, दोन्ही बाजूला द्राक्षं आणि आडू, तुम्ही पीच म्हणता ते, एकदम व्यवस्थित रांगेत. मी पूर्ण रस्ता तुमचा कागद हातात धरून बसलो होतो. अस्पेत्तो, अस्पेत्तावो. विचार केला होता की शिवांगीला बघून काय बोलायचं. काहीच सुचत नव्हतं. म्हटलं, स्टेशन येईल तेव्हा बघू.

प्लॅटफॉर्मवर एलियो उभा होता. मी त्याला फोटोत बघितलेलं, खरा त्यापेक्षा दुबळा आहे. त्याच्या मागे शिवांगी. त्याने तिला सांगितलेलं की एका दोस्ताला घ्यायचं आहे. ती मला बघून जागच्या जागी थांबली. मग एलियोकडे वळून हळू आवाजात बोलली, नोन मे लास्पेत्तावो.

मामासाहेब, तुमचा कागद मला पाठ होता. अस्पेत्तावो म्हणजे मी वाट पाहत होते. नोन म्हणजे नाही, एवढं मलाही कळतं. मी समजलो की पोरगी बोलून राहिली आहे, मी वाट पाहत नव्हते. तुमच्यावर राग आला, माफ करा. वाटलं, मामांनी चुकीचं सांगितलं आणि मी एवढ्या लांब येऊन मूर्ख ठरलो. मी सुटकेस उचलली आणि बोर्डावर परतीची ट्रेन बघायला लागलो. खरं सांगतो आहे.

तेवढ्यात ती जवळ आली आणि पाया पडायला वाकली. तिला वाकता येईना. तेव्हा मी बघितलं.

मी तिला धरलं. प्लॅटफॉर्म रिकामा झाला तरी आम्ही तसेच. एलियो बिचारा सुटकेस घेऊन बाजूला उभा होता. तिचं वजन वाढलं आहे आणि हात मात्र कोपरापर्यंत मातीने भरलेले. कामावरून तशीच आली होती.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेले तेव्हा मी ते कागदावर लिहून ओर्नेलाबाईंपुढे ठेवलं. त्यांना इंग्लिश येत नाही, मला इटालियन येत नाही. बाईंनी वाचलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उठल्या. स्वयंपाकघराच्या बाहेर गेल्या, दार लावलं. मग दार उघडून आत आल्या, मला बघून तोंडावर हात ठेवला, डोळे मोठे केले. गुडघा दुखतो तरी दोनदा करून दाखवलं. मग मला समजलं. ती बोलली होती की मला वाटलंच नव्हतं हे येतील. मामासाहेब, हा अर्थ तुमच्या कागदावर नव्हता.

त्यानंतर बाईंनी खुशीत त्याच कागदावर खाली अजून एक वाक्य लिहिलं. त्यात अस्पेत्तियामो होतं आणि पुढे चार शब्द. हाताने बाळ झुलवून दाखवलं. मग तारीख लिहिली, फेब्रुवारी, आणि बोलल्या, राजाबाई, कार्ड. आईसाहेबांचं हिरवे केस घेऊन डाळ निवडणं मला आठवलं, एकदम भोळं तोंड करून. राग आला. मग गेला. बाळाचं आधी कळलं असतं तर मी आलोच असतो, पण तोंड फुगवून आलो असतो, आणि पोरीला ते लगेच कळलं असतं.

तुम्ही यात किती होता ते मी विचारत नाही. एक विनंती आहे. मला कळलं हे आईसाहेबांना सांगू नका. त्या फोनवर रोज विचारतात, विक्रम, काही कळलं का रे तिकडचं. मी म्हणतो, हो, इथे आडू फार स्वस्त आहेत. त्या पुढे विचारू शकत नाहीत. थोडे दिवस त्यांना पण लटकू द्या. दुर्गाला सांगितलं आहे, ती हसून हसून रडली.

मी दहा दिवसांसाठी आलो होतो. तिकीट पुढे ढकललं आहे, जुलैचा शेवट. दुकान दुर्गाचा भाऊ बघेल.

काल एलियो आणि बाई बाजारात गेले होते. मी आपला भात लावला, शिवांगी टेबलावर कुठल्या तरी जुन्या थाळीचे तुकडे जुळवत होती. मी तिच्याकडे पाठ करूनच उभा होतो, तसं बोलणं सोपं जातं. म्हटलं, बेटा, तुझ्या लग्नाला मी यायला पाहिजे होतं. मी वळलो नाही. मग ती बोलली, बाबा, भात लागून राहिला आहे खाली.

मी गॅस बंद केला. खालचा करपला होता, पण आम्ही तोच खाल्ला. बाई बाजारातून आल्या तेव्हा त्यांनी पण मागून घेतला, आणि कसा झाला असं विचारल्यावर बेल्लो बोलल्या. शिवांगी म्हणते, बेल्लो म्हणजे सुंदर, भाताला तसं म्हणत नाहीत. मला चालतं.

तुमची कृपा अशीच ठेवा, आणि माझं मराठी सुधारून वाचल्याबद्दल आधीच आभार.

आपला,
विक्रमसिंह